सोयाबीनवर मारलेलं तणनाशक मातीतून गेलं की नाही? हरभरा पेरायच्या आधी घरच्या घरी असं तपासा

दर वर्षी कार्तिकात तीच बोंब. हरभरा उगवला पण वाढेना, वावरात सरळ सरळ पट्टे पिवळे, धुऱ्याजवळचं (बांधाजवळचं) पीक तर पार बसलेलं. मग कोणी म्हणतो बियाणं बोगस, कोणी म्हणतो मर रोग आला, कृषी केंद्रवाला एक टॉनिक देतो, ते मारलं की खर्च वाढतो अन् पट्टे तसेच. बऱ्याच वेळा कारण जुलैत मारलेल्या तणनाशकात असतं, पण तिकडं कोणाचं ध्यानच जात नाही, काहून तं "तीन महिने झाले, आता कशाचं राहते" असं सगळ्यांनी मनाशी पक्कं करून ठेवलंय.

एकरी 25-30 किलो हरभरा जमिनीत टाकायच्या आधी थोडी माती अन् काकडी-मोहरीची बी वापरून ही गोष्ट तपासता येते. लोक तपासतात पण, पण चुकीच्या पद्धतीनं, म्हणून "काही नाही निघालं" म्हणून पेरतात अन् फसतात. म्हणून क्रम अन् त्यातल्या चुका दोन्ही सविस्तर लिहितोय.

## सुरुवातीलाच: तणनाशक कॅलेंडर बघून संपत नाही

मातीत पडलेलं तणनाशक तीन-चार वाटांनी कमी होतं. सगळ्यात मोठी वाट म्हणजे मातीतले जिवाणू अन् बुरशी, ते त्याचे तुकडे करतात. दुसरी, मातीतल्या पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते तुटतं. तिसरी ऊन, पण ते फक्त वरच्या थरापुरतं, माती खाली गेली की उन्हाचा संबंध संपला. थोडं पावसाबरोबर खाली झिरपतं किंवा वाहून जातं, थोडं पीक अन् तण उचलतात.

जिवाणूंना काम करायला ओल लागते, ऊब लागते अन् हवा लागते. माती कोरडी ठक्क झाली की काम बंद. पाणी साचून चिबडली की हवा बंद, तरी काम बंद, इमॅझेथापायर (सोयाबीनमधलं एक तणनाशक) तर बिनहवेच्या मातीत जवळपास तुटतच नाही. थंडी पडली की काम मंद. म्हणून "90 दिवस झाले" ह्या वाक्याला एकट्याला काही अर्थ नाही, त्या 90 दिवसांत माती किती दिवस ओली, उबदार अन् हवेशीर होती ते महत्त्वाचं. 2023 चा ऑगस्ट आठवा, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. अशा वर्षी खंडाचे ते दिवस हिशोबातून जवळपास वजाच करायचे.

अजून एक गोष्ट जी लोक उलटी समजतात. मातीत "असणं" वेगळं अन् पिकाला "लागणं" वेगळं. पॅराक्वाट मातीत वर्षानुवर्षं राहतं पण चिकणमातीला इतकं घट्ट चिकटतं की पुढच्या पिकाच्या मुळाला ते मिळतच नाही. ग्लायफोसेटही मातीला चिकटून बसतं. उलट क्लोरीम्युरॉन, डायक्लोसुलम, इमॅझेथापायर ही एकरी मोजक्या ग्रॅमांत मारायची औषधं, त्यांचा उरलेला अंश नाजूक पिकाला पुरेसा असतो. डायक्लोसुलम 84 टक्केवालं एकरी 12.4 ग्रॅम लागतं, अख्ख्या एकराला! एवढ्याशा पुडीनं एकरभराचं तण थांबतं, तर तिचा चौथा हिस्सा उरला तरी मोहरीला जड जाणारच.

## टप्पा 1: फवारणीचा हिशोब कागदावर काढा

माती काढायच्या आधी हे काम. तोंडी नको, कागदावर. बाटली किंवा पुडा घरी असेल तर समोर घ्या, नसेल तर पावती शोधा. लिहायचं काय: औषधाचं तांत्रिक नाव (ब्रँड नाही, एकाच घटकाचे दहा ब्रँड असतात), एकरी किती पडलं, कोणत्या तारखेला, एकदा की दोनदा, अन् वावराच्या कोणत्या भागात.

दोन घटक मिसळून येणारी औषधं आता खूप चालतात. पुड्यावरची दोन्ही नावं लिहा. प्रोपाक्विझाफॉप अन् इमॅझेथापायर एकत्र असेल तर पहिलं लवकर जातं, दुसऱ्याची काळजी करायची. पेंडीमेथालिनबरोबर इमॅझेथापायर असेल तर दोन्हीची.

ढोबळ अंदाजासाठी अर्धं आयुष्य समजून घ्या, म्हणजे मातीतलं औषध निम्मं व्हायला लागणारा काळ. 2,4-डीचं साधारण 10 दिवस. इमॅझेथापायरचं साधारण 60 ते 90 दिवस. अॅट्राझीनचं 60 च्या आसपास, पण आपल्यासारख्या चुनखडीच्या जमिनीत त्याहून जास्त. सल्फेन्ट्राझोन लय चिवट, चार महिन्यांपासून पुढं. हे आकडे चांगल्या परिस्थितीतले, आपल्या वावराला तंतोतंत लागू नाहीत, पण अंदाज येतो.

आता हिशोब करून बघा. इमॅझेथापायर 10 टक्के, एकरी 400 मिली, म्हणजे हेक्टरी 100 ग्रॅम मूळ घटक. फवारणी 10 जुलैला, हरभरा 20 ऑक्टोबरला, मध्ये 102 दिवस. अर्धं आयुष्य 60 धरलं तर साधारण 31 ग्रॅम उरतं. 90 धरलं तर 46 ग्रॅम. अन् जिथं पंप दोनदा फिरला तिथं 91 ग्रॅम. म्हणजे ओव्हरलॅपच्या पट्ट्यात, पावसानं दगा दिलेल्या वर्षी, पेरणीच्या दिवशी जवळपास एक पूर्ण फवारणी मातीत शिल्लक! पट्टे काहून दिसतात त्याचं उत्तर हे आहे.

चूक: दिवस सोयाबीनच्या पेरणीपासून किंवा सोंगणीपासून मोजणं. फवारणीच्या तारखेपासूनच मोजा, अन् दोनदा मारलं असेल तर शेवटच्या फवारणीपासून.

चूक: "डोस तर बरोबरच होता" असं धरून चालणं. 15 लिटरच्या पंपाला 40 मिली टाकलं अन् एकरात 10 पंप लागले तर 400 मिली बरोबर. पण पंपाला 50 मिली टाकून एकरात 13 पंप मारले तर 650 मिली पडलं. किती पंप लागले ते आठवा, फवारणीला माणूस लावला असेल तर त्याला विचारा. तो खरं सांगतो, फक्त आपण कधी विचारत नाही.

## टप्पा 2: आपली जमीन अन् सामू बघा

मृदा आरोग्य पत्रिका कपाटात असेल ती काढा. तिच्यावर सामू (पीएच) अन् सेंद्रिय कर्ब लिहिलेला असतो. इकडच्या काळ्या जमिनीचा सामू बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ, कर्ब कमी. ह्याचा तणनाशकावर सरळ परिणाम होतो अन् तो सगळ्या औषधांवर सारखा नाही.

क्लोरीम्युरॉन, मेटसल्फ्युरॉन, सल्फोसल्फ्युरॉन ह्या सल्फोनिलयुरिया गटातली औषधं आम्लधर्मी मातीत पाण्याशी क्रिया होऊन पटकन तुटतात, अल्कधर्मी मातीत ती वाट जवळपास बंद होते अन् सगळा भार जिवाणूंवर येतो. अॅट्राझीनचंही तसंच, सामू वाढला की मुक्काम वाढला. इमॅझेथापायर उलटं, ते आम्ल मातीत चिकटून राहतं अन् आपल्या मातीत पाण्यात मोकळं राहतं, म्हणजे जिवाणूंच्या तावडीत लवकर सापडतं, पण तेव्हाच पिकाच्या मुळालाही सहज सापडतं.

पूर्णा खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यातल्यांनी, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या भागातल्यांनी, हा टप्पा अजिबात सोडू नये. तिथं सामू जास्त, माती चोपण, निचरा कमी, पावसाळ्यात चिबडते अन् नंतर दगड होते. जिवाणूंसाठी दोन्ही वाईट. क्लोरीम्युरॉन वापरलं असेल तर तपासल्याशिवाय नाजूक पीक घेऊ नका.

हलक्या बरड जमिनीत औषध कमी चिकटतं, पावसाबरोबर खाली जातं, त्यामुळं वरचा थर लवकर मोकळा होतो. पण त्याच जमिनीत जे उरतं ते पिकाला जास्त लागतं. म्हणून हलकी जमीन आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

तपासा: एकाच वावरात वर बरड अन् खाली भारी असं असेल तर ते दोन वावरं समजा. माती वेगळी, कुंड्या वेगळ्या, निकाल वेगळा.

## टप्पा 3: माती काढणे (इथंच सगळ्यात जास्त चुकतं)

वेळ: सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, सोयाबीन उभं असतानाच. सोंगणी-मळणी झाल्यावर सुरू केलं तर निकाल येईपर्यंत ओल उडून जाते, मग घाईत पेरणी होते. दोन तासांच्या (पिकाच्या ओळींच्या) मधली माती काढली तर उभ्या पिकाचं काही नुकसान नाही.

अवजारं: स्वच्छ खुरपी किंवा फावडं, स्वच्छ बादली, नव्या पिशव्या. ज्या बादलीत कधी औषध कालवलं ती बादली घेऊच नका, नुसती धुऊन भागत नाही. खताची जुनी पोतीही टाळा.

तीन प्रकारची माती पाहिजे:

पहिली, वावराची सरासरी माती. नागमोडी चालत 10-12 ठिकाणांहून, 0 ते 15 सेंमी खोलीची. वरचा काडीकचरा बाजूला करा, व्ही आकाराचा खड्डा घ्या, त्याच्या एका बाजूचा वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा काप घ्या. नुसती वरची मूठभर भुसभुशीत माती उचलली तर तिथं औषध कमी-जास्त असू शकतं. भेगा पडलेल्या असतील तर भेगेच्या काठची माती नको, भेगेतून वरची माती अन् पाणी सरळ खाली जातं, तिथला अंदाज चुकतो.

दुसरी, संशयाच्या जागेची माती. धुऱ्याजवळ जिथं पंपवाला वळतो, जिथं ट्रॅक्टरचा बूम (फवारणीचा आडवा दांडा) थांबला, जिथं औषध कालवलं, जिथं पाणी साचतं. ही माती सरासरीत मिसळायची नाही, काही झालं तरी नाही. मिसळली की जास्त अंशवाली माती बाकीच्यात हरवते, कुंडी चांगली दिसते अन् वावरात पट्टे पडतात. लोकांची चाचणी खोटी ठरते ती बहुतेक ह्याच चुकीनं.

तिसरी, बिनऔषधाची माती, तुलनेसाठी. हिच्याशिवाय चाचणीला अर्थ नाही. ती त्याच प्रकारची पाहिजे, त्याच वावराच्या बाजूची, पण जिथं तणनाशक पडलेलं नाही अशी. धुरा चालतो, पण धुऱ्यावर ग्लायफोसेट किंवा 2,4-डी मारलेलं नसेल तरच. अंगणातली, नदीची गाळाची किंवा नर्सरीतली माती आणली तर पीक तिथं मुळातच जास्त जोमात येईल अन् तुम्हाला वाटेल वावरात विष आहे.

बिनऔषधाची माती कुठंच नसेल तर एक उपाय आहे. संशयाच्या मातीचाच एक भाग घ्या अन् त्यात किलोला चमचाभर बारीक अॅक्टिव्हेटेड कोळसा नीट मिसळा. हा कोळसा तणनाशकाला धरून ठेवतो. कोळसावाल्या कुंडीत रोप चांगलं अन् बिनकोळशाच्या कुंडीत खुरटं, म्हणजे दोष तणनाशकाचाच. फिशटँकच्या दुकानात मिळतो. चुलीतला कोळसा कुटून चालत नाही, त्याच्यात ती ताकद नसते.

थांबा: माती उन्हात वाळवू नका. माती परीक्षणाला वाळवतो म्हणून लोक इथंही वाळवतात. सावलीत थोडी फडफडीत होऊ द्या, ढेकळं हातानं फोडा, जाड चाळणीतून काढा अन् एक-दोन दिवसांत कुंड्या भरा. पिशवीत आठवडाभर ओली माती उबदार खोलीत ठेवली तर औषध पिशवीतच तुटत राहतं, वावरातलं तसंच राहतं.

## टप्पा 4: कुंड्या भरणे अन् बी लावणे

कुंडी म्हणजे काही मोठं नाही. दह्याचे डबे, नर्सरीच्या पिशव्या, मोठे कागदी ग्लास, अर्धा किलो माती मावली पाहिजे. प्रत्येक मातीच्या प्रत्येक पिकासाठी निदान 3 कुंड्या. एका कुंडीवरून निर्णय नको, एखादं बी खराब निघालं की सगळं फसतं. मार्करनं नाव डब्यावर लिहा, झाकणावर नाही, झाकणं बदलतात.

कोणतं बी लावायचं हे औषधावर ठरतं:

- क्लोरीम्युरॉन, डायक्लोसुलम, इमॅझेथापायर: मोहरी अन् काकडी.
- अॅट्राझीन (मक्यात, ज्वारीत किंवा उसात मारलेलं): काकडी, मोहरी.
- पेंडीमेथालिन: ज्वारी.
- सल्फेन्ट्राझोन: मोहरी.

ह्यांच्या जोडीला जे पीक पेरायचं ते लावाच, हरभरा, गहू, जे असेल ते, अन् तेच बियाणं जे वावरात टाकणार. मोहरी सांगते की मातीत काही आहे का. हरभरा सांगतो की ते त्याला झेपतंय का. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. नुसता हरभरा लावला तर अंश असूनही दिसणार नाही अन् पुढं त्याच वावरात उन्हाळी भाजी लावाल तेव्हा कळेल. नुसती मोहरी लावली तर मोहरी खुरटलेली बघून उगाच हरभऱ्याचं रान पडीक ठेवाल. इमॅझेथापायर बरोबर डोसात, वेळेवर मारलं अन् पाऊस नीट झाला तर हरभऱ्याला बहुतेक काही होत नाही, हे पण सांगितलं पाहिजे.

कुंडीत 6-8 बिया टाका, उगवल्यावर सारख्या जोमाची 4 ठेवून बाकीची कापा, उपटू नका, मुळं हलतात. सगळ्या कुंड्या एकाच ठिकाणी, पुरेशा उन्हात. ओसरीच्या अंधारात ठेवल्या तर सगळीच रोपं लांबट अन् फिकी होतात, काही कळत नाही. अॅट्राझीन प्रकाशात काम करणारं औषध आहे, सावलीत त्याचं लक्षण दिसतच नाही.

चूक: भरपूर पाणी घालणं. डब्याला खाली भोकं आहेत अन् वरून तांब्याभर पाणी ओतलं तर औषध पाण्याबरोबर खालून निघून जातं. मग तिसऱ्या दिवसापासून तुम्ही धुतलेल्या मातीची चाचणी करत असता. खाली ताटली ठेवा, थोडं थोडं पाणी द्या, ताटलीत उतरलेलं पाणी परत त्याच कुंडीत टाका.

चूक: पाणी द्यायचा मग किंवा झारी फवारणीवाली असणं. ऐकायला साधं वाटतं, पण हे होतं.

खत टाकायचं नाही, टॉनिक नाही, जीवामृतही नाही. सगळ्या कुंड्यांना सारखं पाणी, एवढंच.

## टप्पा 5: वाचणे

उगवण बघून निकाल लावू नका! ही सगळ्यात महागाची घाई आहे. बहुतेक तणनाशकं उगवण थांबवत नाहीत, बी आपल्या शिदोरीवर उगवतं, पहिली पानं हिरवी येतात अन् शिदोरी संपली की मग खरं चित्र दिसतं. सल्फोनिलयुरिया अन् इमॅझेथापायरसाठी निदान 14 दिवस थांबा, अॅट्राझीनसाठी 21.

काय बघायचं:

क्लोरीम्युरॉन, डायक्लोसुलम, इमॅझेथापायर हे तिन्ही वनस्पतीतलं एकच एन्झाइम बंद करतात, म्हणून लक्षणं सारखी. शेंडा बसतो, नवीन पानं लहान अन् पिवळसर, शिरा किंवा खोड जांभळट, पेरं आखूड. पण खरं दिसतं मुळात. अख्खी कुंडी पाण्याच्या बादलीत बुडवा, माती आपोआप सुटू द्या, मग रोप बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवा. चांगल्या मातीतलं मूळ लांब, बारीक तंतूंचं जाळं असलेलं. अंशवाल्या मातीतलं मूळ आखूड, बाजूची मुळं खुंटलेली, बाटली घासायच्या ब्रशसारखी. वरून रोप ठीक दिसतं अन् खाली मूळ अर्धंच असतं, असं बऱ्याचदा होतं. वावरात हेच रोप नोव्हेंबरात वरची ओल गेली की मान टाकतं, अन् आपण म्हणतो मर आला.

अॅट्राझीन: नव्या नाही, जुन्या खालच्या पानांच्या कडा अन् टोकं आधी पिवळी, मग करपतात. पेंडीमेथालिन: मुळाची टोकं जाड, गदेसारखी फुगलेली, रोप बुटकं. सल्फेन्ट्राझोन: पानावर तपकिरी करपलेले डाग, कधी खोड जमिनीलगत आवळलेलं.

पट्टीनं मोजा. उंची अन् मुळाची लांबी, प्रत्येक कुंडीतली चारही रोपं, सरासरी काढा, बिनऔषधाच्या मातीशी तुलना करा. मोबाइलवर दोन्ही रोपं शेजारी ठेवून फोटो काढा, पुढं कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात कोणाला दाखवायचं झालं तर हा फोटो हजार शब्दांचं काम करतो.

मी असं धरतो: पेरायच्या पिकाचा फरक दहाव्या हिश्शाच्या आत असेल अन् मूळ सारखं दिसत असेल तर पेरा. फरक पाव हिश्शाच्या पुढं असेल तर ते पीक तिथं नको. मधलं असेल तर खालच्या टप्प्यातले उपाय करा अन् परत एकदा छोटी चाचणी लावा.

तपासा, तणनाशक नसलेली कारणं: सगळ्याच कुंड्यांत, बिनऔषधाच्या मातीतही, नवीन पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत नेहमीची. सगळीकडं रोपं कोलमडत असतील तर बुरशी किंवा जास्त पाणी. वावरात बघताना आकार बघा: सरळ पट्टे, धुऱ्याला समांतर, पंपाच्या फेऱ्यांएवढ्या अंतरावर असतील तर औषध. गोल-वाकडे ठिपके असतील तर मर किंवा चिबड.

## टप्पा 6: अंश निघाला, आता काय

पहिलं, घाबरून पूर्ण वावर सोडू नका. बहुतेक वेळा फक्त संशयाच्या जागांची माती वाईट निघते. तेवढा पट्टा वेगळा धरा.

ओल अन् ऊब द्या, अन् लवकर. ओलिताची सोय असेल तर सोंगणीनंतर लगेच एक हलकं स्प्रिंकलर, वाफसा आला की वखरणी, परत 8-10 दिवसांनी हलकं पाणी. ऑक्टोबरात आपल्याकडं दिवसा चांगली ऊब असते, जिवाणू जोरात काम करतात. हेच डिसेंबरात केलं तर रात्री 10-12 अंशांवर जातात, काम मंदावतं. म्हणून "थोडं थांबून पेरू" हा उपाय थंड अन् कोरड्या मातीत उपाय नाही, तिथं थांबून काही तुटत नाही, नुसता पेरा लांबतो. अन् पाट भरून तुंबवू नका, हवा बंद होते.

मशागत: औषध बहुतेक वरच्या 8-10 सेंमीत असतं. चांगली उभी-आडवी वखरणी किंवा रोटाव्हेटर मारला तर ते जास्त मातीत विभागलं जातं, मुळाला लागणारी तीव्रता कमी होते. पलटी नांगरानं एकदा खोल केलं तर वरचा थर खाली जातो, पण पुढच्या वर्षी तोच परत वर आणू नका, खोलात जिवाणू कमी असतात, तिथं ते टिकून राहतं. अन् कोरडवाहूत नांगरटी म्हणजे ओल गमावणं, तेव्हा हा हिशोब ज्याचा त्यानं करायचा.

चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट त्या पट्ट्यात टाका. ते औषधाला धरूनही ठेवतं अन् जिवाणूंना खाऊही देतं. कच्चं नको, अन् ज्या गोठ्यात तणनाशक मारलेल्या धुऱ्याचा चारा जातो तिथलं तर नकोच.

पीक बदला: सल्फोनिलयुरिया अन् इमॅझेथापायरचा अंश असलेल्या जागी मोहरी, सूर्यफूल, कांदा, टोमॅटो, मिरची, काकडीवर्गीय भाज्या ह्यांना हात लावू नका. गहू तुलनेनं सहन करतो, पण कुंडीत बघूनच. अॅट्राझीनच्या रानात उलट आहे, तिथं मका-ज्वारी निवांत येते अन् गहू, हरभरा, सोयाबीन, भाज्या अडचणीत. एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावला की फसलात.

थांबा, ही चूक फार होते: सोयाबीनला क्लोरीम्युरॉन किंवा इमॅझेथापायर मारलं अन् त्याच रानात गव्हाला मेटसल्फ्युरॉन किंवा सल्फोसल्फ्युरॉन. नावं वेगळी, कंपन्या वेगळ्या, पण काम एकाच एन्झाइमवर. अंशावर अंश चढतो अन् पुढचं भाजीपाल्याचं किंवा तिळाचं पीक धोक्यात येतं, वर तणांमध्ये त्या गटाला प्रतिकार तयार होतो तो वेगळाच.

बाजारात "मातीतलं विष तीन दिवसांत साफ" असं म्हणणाऱ्या बाटल्या येतात. विकत घ्यायच्या आधी एकच करा, संशयाच्या मातीच्या तीन कुंड्यांत ते टाका अन् तीनमध्ये नुसतं पाणी. दोन आठवड्यांत फरक दिसला तर घ्या, नाही दिसला तर पैसे खिशात राहिले. जीवामृतानं नुकसान काही नाही, पण ओल नसेल तर त्यातले जिवाणूही कोरड्या मातीत निजूनच राहतात.

## टप्पा 7: पुढच्या खरिपात अंश राहूच नये म्हणून

रब्बीत काय घेणार ते जूनमध्येच ठरवा अन् त्यावरून तणनाशक निवडा, उलटं नाही. मोहरी, भाजीपाला किंवा कांदा घ्यायचा असेल त्या रानात लांब टिकणारी औषधं टाळून एक खुरपणी अन् दोन डवरण्या, किंवा क्विझालोफॉपसारखं लवकर तुटणारं, एवढ्यावर भागवता येतं का ते बघा. क्विझालोफॉप फक्त गवतवर्गीय तणांवर चालतं हे ध्यानात ठेवा.

उगवणीनंतरचं औषध वेळेत मारा, सोयाबीन 15-20 दिवसांचं असताना, तण 2-4 पानांवर. पाऊस उघडला नाही म्हणून ऑगस्टमध्ये उशिरा मारलं तर तणही नीट मरत नाही अन् मातीला मिळणारे दिवस महिनाभरानं कमी होतात. दुहेरी तोटा.

फवारणीआधी साध्या पाण्यानं पंप एकदा चालवून बघा, एकराला किती पंप लागतात ते मोजा, मग दर पंपाचा डोस काढा. नोझल फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट, धुऱ्यावर वळताना ट्रिगर बंद. उरलेलं औषध "वाया काहून घालवायचं" म्हणून धुऱ्याजवळच्या चार तासांवर परत मारू नका, तेच चार तास रब्बीत पिवळे पडतात. उरलंच तर पाणी वाढवून पातळ करा अन् न फवारलेल्या भागावर मारा.

अन् वावराच्या एका कडेला दोन-तीन तास बिनतणनाशकाचे सोडा, खुरपून ठेवा, खुंटी ठोकून खूण करा. पुढच्या सप्टेंबरात तुलनेची माती शोधत फिरावं लागणार नाही, त्याच वावराची, त्याच पावसाची, बिनऔषधाची माती तिथं तयार असेल.